एकही भोक नसलेली गाडी

माझा दादा तीन वर्षं खुर्चीत बसून होता. आजारी नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि सगळं ठणठणीत आहे असं सांगून आमची घोर निराशा केली. काहीतरी निघालं असतं तर निदान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सोपं गेलं असतं. पुढच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची होती. सकाळचा चहा झाला की तो तिच्यात बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर काही नव्हतं. वहिनीने मध्ये एकदा तिथे चित्र लावून पाहिलं, तर काढून टाक म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत मोठं भाषण.

मी त्याची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे इतरांचे संसार मला नीट दिसतात. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसते आहे. तिथे बसून माणूस एकतर संत होतो, नाहीतर त्याच्या जिभेला धार येते. संताची जागा शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी आधीच अडवली होती, म्हणून मी उरलेली घेतली.

खुर्चीत स्थानापन्न होण्याआधी दादा डक्टचा मिस्त्री होता. नाट्यगृहांत, इस्पितळांत छताच्या आतून गार हवा फिरवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते डक्ट. पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या, एकाची दुमड दुसऱ्याच्या दुमडीत अडकवायची आणि लाकडी मोगरीने ठोकून घट्ट करायची. सदतीस वर्षं त्याने हेच केलं. डक्ट तयार झाला की दोन्ही तोंडं बंद करून आत धूर सोडत आणि बाहेरून दिवा धरून कुठून गळतोय का ते बघत. दादाच्या डक्टमधून धूर येताना दिसला तर आधी कारखान्याला आग लागलीय का बघा, असं तिथले लोक म्हणायचे म्हणे. हे त्यानेच आम्हाला सांगितलेलं असल्यामुळे त्यात खरं किती ते देव जाणे. पण घरातही गडी तसाच. खिडकीच्या फटी, नळाचे सांधे, कुठून म्हणून काही गळता कामा नये. वहिनीच्या डब्यांची झाकणं त्याने अशी बसवून दिली होती, की पिठाचा डबा उघडायला मला वरून खाली बोलवावं लागे.

मग कारखान्यात पत्रा दुमडणारं यंत्र आलं आणि एक दिवस दादा दुपारीच घरी आला. वय अठ्ठावन्न. हत्यारांची पेटी त्याने दारात ठेवली आणि खुर्चीत बसला. पेटी दारातच राहिली, तो खुर्चीतच राहिला, आणि आम्ही दोघी या दोन वस्तूंना वळसा घालून तीन वर्षं केर काढला.

एका सकाळी त्या पेटीवर वहिनीच्या पायाचा अंगठा सडकून आपटला. ती तशी सोशिक, पण अंगठ्याला सोशिकपणा कळत नाही. "अहो, तुम्ही नाही हलत तर नका हलू, ही पेटी तरी हलवा!" असं ती ओरडली. दादाने तिच्याकडे पाहिलं, उठला, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघून गेला. वहिनीला वाटलं, रागावून गेले. मला वाटलं, दुरुस्तीला. तो गेला होता भंगारात, हत्यारं वजनावर विकायला.

भंगाराचं आवार आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. ते एक बाई चालवते. दंडाला भाजल्याच्या खुणा, कपाळावर सरकवलेला काळा चष्मा, आणि आवाज असा की हाकेला फोनची गरज नाही. तिने पेटी उघडली, पत्रा कापायची कात्री काढली, दोनदा उघडमीट केली.

"मिस्त्री, ही चालते की."

"चालते."

"मग इथे कशाला आणलीत? मी चालत्या वस्तू घेत नाही."

दादा म्हणाला, "घ्या हो बाई, मला नकोत." त्यावर ती म्हणाली, नको तर नको, पण आलाच आहात तर माझ्या शेडचा पत्रा जरा बघा, डोक्यावर गळतोय. गळतोय हा शब्द ऐकल्यावर तीन वर्षांचा तो पुतळा शिडीवर चढला. अकरा दिवस रोज जात होता. आम्ही घरी श्वास रोखून होतो. मी त्याला काहीसुद्धा बोलले नाही, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते समजावं.

शेड झाली. बाईने विचारलं, "बोला मिस्त्री, आवारातलं काय पाहिजे ते घ्या." शहाण्या माणसाने पाण्याचा पंप घेतला असता. वजनकाटा मागितला असता. दादाने कोपऱ्यातली चार दारांची डिझेल गाडी मागितली.

ती गाडी बाईने दोरीला बांधून आमच्या दारात ओढून आणली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. आधी गाडी आली, मागून तिचा सायलेन्सर आला. तो वेगळा हातात धरून आणावा लागला. गाडीचं वय साधारण माझ्या नोकरीएवढं. रंग कोणे एके काळी निळा असावा असं कागदपत्रं म्हणत होती, आता सगळीकडे गंज होता. ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसत होती. मागचा एक दरवाजा तारेने बांधलेला. डिकीत मांजरीने संसार थाटला होता, तिला पिल्लांसकट हलवताना तिने दादाला ओरबाडलं. इंजिन तेवढं धडधाकट होतं, आणि तेच आमचं दुर्दैव. ते बिघडलेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

"कागद वर्षाअखेरपर्यंत चालू आहेत," बाईने सांगितलं. "तोवर तपासणीत पास झाली तर तुमची. नाही झाली तर कागद मेले. मग ती मला परत द्यायची आणि मी तिला कापणार. कायदा आहे, माझ्या हातात नाही."

मी जिन्यात वहिनीला गाठून म्हटलं, "वहिनी, अगं हे लोढणं कशाला घेऊ दिलंस? आणि चालवणार कोण? दादाने दहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसली. "मला गाडीशी काही घेणं नाही ग," ती म्हणाली. "आज त्यांनी आपणहून जेवायला मागितलं. ही गाडी कापली गेली ना, तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. आणि मग उठायचे नाहीत. मला माहीत आहे." तिचे डोळे भरून आले होते. मला बोलण्यासारखं सुचलं होतं, पण नाही बोलले.

तेव्हापासून सात महिने आमच्या अंगणात गाडी आणि आमच्या घरातही गाडीच. दादाने ठरवून टाकलं की नवी वस्तू एकही घ्यायची नाही. आवारात जे पडलंय त्यातूनच सगळं करायचं. कुणाच्या तरी धुलाईयंत्राच्या पांढऱ्या बाजू ड्रायव्हरच्या पायाखाली गेल्या. शेजारच्या जागी एका दातांच्या दवाखान्याची पाटी गेली, त्यामुळे पायाखालची सतरंजी उचलली की "दात न दुखता काढून मिळतील" असं आश्वासन वाचायला मिळे. डिकीचा तळ फ्रिजच्या दाराचा. त्यातले अंडी ठेवायचे खळगे त्याने मोगरीने ठोकून सपाट केले, पण दोन राहिलेच. मागचं आसन बंद पडलेल्या नाट्यगृहातलं, लाल मखमलीचं, आणि त्यावर पितळी आकडे, चौदा आणि पंधरा. वहिनी चौदावर बसून बघायची आणि म्हणायची, "इथून रंगमंच छान दिसतो."

हे सगळं त्याने डक्टसारखं केलं. कडा दुमडून, दुमडीत दुमड अडकवून. खालच्या मुख्य चौकटीला मात्र वेल्डिंग लागणार होतं, ते भंगारवाल्या बाईने केलं. जन्मभर ती गाड्या कापत आलेली, जोडायची ही पहिलीच वेळ. वेल्डिंग झाल्यावर ती बराच वेळ सांध्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे उलटं काम सोपं नाही हो." काम छान झालं होतं हे मला मान्य करावं लागेल. मी ते तेव्हा मान्य केलं नाही. मी म्हटलं, दादा, ही गाडी आहे की घराघरातून जमवलेली वर्गणी?

तो हसला. तीन वर्षांनी हसला आणि माझ्याच विनोदाला हसला, म्हणून मी दुसरा केला, मग तिसरा. जित्याची खोड.

मग दादाने ती गोष्ट केली, जी जगातला दुसरा कुठलाही गाडी दुरुस्त करणारा माणूस करणार नाही. त्याने गाडीची धुराची चाचणी घेतली.

रविवार होता. मी वर निवांत पेपर वाचत होते. खालून जळक्या गोणपाटाचा वास आला. बघते तर गाडीच्या सगळ्या काचा बंद, आत डब्यात ओलं गोणपाट धुमसतंय, आणि दादा हातात दिवा आणि कानावर खडू ठेवून गाडीभोवती गुडघ्यांवर रांगतोय. जिथून धुराची रेघ निघेल तिथे खडूने फुली. समोरच्या घरातले गृहस्थ बादली घेऊन धावत आले आणि दादाने त्यांना हातानेच थांबवलं, शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टर थांबवतात तसं. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी फुल्या झाल्या.

मी खाली जाऊन बघितलं. बऱ्याच फुल्या गंजाच्या भोकांवर होत्या. पण दारांच्या खालच्या कडेला, ओळीने, सारख्या अंतरावर, छान गुळगुळीत भोकं होती. दर दाराला चार.

"दादा, गंज एवढा गोल आणि मापात खातो का रे?"

"गोल असो नाहीतर चौकोनी. हवा जातेय ना?"

"अरे पण कंपनीने काही विचार करून..."

"कंपनी!" दादा म्हणाला. या एका शब्दात त्याने सदतीस वर्षं ओतली आणि मी गप्प बसले. ज्या गोष्टीतलं आपल्याला कळत नाही तिथे मी सहसा बोलतेच, पण त्या दिवशी नेमकी बसले गप्प. भंगारवाल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, माझ्याकडे येतात त्या गाड्यांना भोकंच भोकं असतात, त्यातली मूळची कुठली हे मला काय ठाऊक.

मग त्र्याऐंशी भोकं बुजली. पत्र्याचे तुकडे, रिवेट, जुन्या टायरांतून कापलेली रबराची बुचं, वरून डांबरी लेप आणि त्यावर आवारातल्या उरल्यासुरल्या डब्यांतला रंग. पुन्हा धूर. एकोणीस फुल्या. पुन्हा बुजवली, पुन्हा धूर. महिन्यामागून महिने गेले, तपासणीची तारीख जवळ आली, आणि आमचा मिस्त्री अजून चार फुल्यांवर अडून. वहिनी रोज कॅलेंडरकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. अखेर वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना धूर आत राहिला. अजिबात हलला नाही. दादाने दिवा घेऊन तीन फेऱ्या मारल्या आणि मग पायरीवर बसून हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं धुराने डोळे चुरचुरले असतील.

धूर बाहेर येत नव्हता हे खरं, पण आता दारही लागत नव्हतं. तीन दारं लावली की चौथं आपटून परत यायचं, कारण आतली हवा जाणार कुठे? शेवटचं दार लावायचं तर आधी एक काच खाली घ्यायची, दार ओढायचं आणि मग काच वर करायची. काच वर केली की कानांत दडे बसत. भंगारवाली बाई बघायला आली, तिने दोनदा दार आपटून पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री, हिला शिट्टी कुठे बसवली?" दादाला ती स्तुतीच वाटली.

शेवटच्या दिवशी सकाळी त्याने गाडीला आंघोळ घातली. नळी लावून, तासभर, छतापासून चाकांपर्यंत. हे मी मुद्दाम सांगतेय. गाडीच्या दारावर पाणी पडलं की ते काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, दादालाही नव्हतं. ते पोटातलं पाणी खालच्या चार गोल भोकांतून निघून जावं म्हणून कंपनीने ती ठेवलेली असतात. सदतीस वर्षं ज्याने फक्त हवेचा विचार केला, त्याला पाण्याचा कोण सांगणार?

तपासणी केंद्रावर आम्ही तिघं गेलो. मी त्या दिवशी रजा टाकली होती. लांबलचक आवार, जमिनीवर पांढऱ्या रेघा, एका बाजूला पत्र्याचं छप्पर आणि बाकं. तपासनीस तरुण होता, हातात हातोडी आणि फळीला लावलेला कागद. त्याने गाडीखाली झोपून हातोडीने टकटक केलं. एकदा नाही, बराच वेळ. मग बाहेर आला आणि विचारलं, "हा तळ कुणी बसवला?"

"मी," दादा म्हणाला.

"एकही पॅच वाजत नाही." असं म्हणून त्याने कागदावर खूण केली. वहिनीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. दिवे पास, चाकं पास, धूर पास. म्हणजे सायलेन्सरचा धूर. दुसऱ्या धुराचा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता याचं दादाला वाईट वाटलेलं मला दिसलं.

शेवटी ब्रेक. तपासनीस दादाशेजारी बसला. दार लागेना. दादाने अदबीने सांगितलं, "साहेब, आधी काच खाली घ्या." त्याने घेतली, दार ओढलं, काच वर केली आणि कानात बोट घालून हलवलं. गाडी पांढऱ्या रेघांवरून वेगात निघाली आणि शेवटच्या रेघेवर दादाने करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. दारांतलं पाणी मात्र थांबलं नाही.

आम्हाला बाकावरून एवढंच दिसलं की दार उघडलं आणि तपासनीस खाली उतरला, कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याने दाराला कान लावला, दार हलवलं. आत डचमळलं. मग तो खाली वाकला.

"इथे भोकं असतात. कुठे गेली?"

"बुजवली," दादा म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात अभिमान होता बिचाऱ्याच्या. "सगळी."

तपासनिसाने त्याच्याकडे, मग आपल्या पँटकडे पाहिलं. माणूस भला होता. ओरडला नाही. म्हणाला, "काका, पाणी असं आत राहिलं तर दारं वर्षभरात आतून सडतील. सगळं काम मातीत जाईल. पाच वाजता खिडकी बंद होते. चारही दारांना भोकं पाडा आणि दाखवायला आणा. नाहीतर मला नापास लिहावं लागेल."

तीन वाजून गेले होते. हत्यारांची पेटी डिकीत होती, हाताने फिरवायचं ड्रिल तिच्यात होतं. अर्ध्या तासाचं काम.

"मी नाही पाडणार," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पाडणार. आयुष्यभर भोकं बुजवली मी. स्वतःच्या कामाला भोकं पाडायला सांगतो तो?" आणि तो छपराखालच्या बाकावर जाऊन बसला. समोर भिंत होती. तो भिंतीकडे बघायला लागला.

ती नजर मी ओळखत होते. मला भीती वाटली, खरीखुरी. आणि भीती वाटली की मला जे येतं तेच मी केलं. "दादा, मग नाकाला दोन भोकं कशाला ठेवलीस? तीही बुजव की," मी म्हटलं. "गाडी कापू देशील पण हट्ट सोडणार नाहीस. छान. खुर्ची वाट बघतेय घरी, पुसून ठेवलीय."

तो हसला नाही. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही जरा तोंड बंद ठेवता का?" एरवी ती मला नुसतं अगं म्हणते. वन्सं आणि तुम्ही म्हणजे प्रकरण टोकाला गेलेलं असतं. मी तोंड बंद केलं.

वहिनी डिकीपाशी गेली, ड्रिल काढलं, पदर खोचला आणि मागच्या दारापाशी उकिडवी बसली. तिने जन्मात ड्रिल हातात धरलेलं नव्हतं. टोक कुठेतरी टेकवलं आणि दांडा गरागरा फिरवला. ड्रिल घसरलं आणि नव्या रंगावर वीतभर ओरखडा उठला. तो आवाज सगळ्या आवारात गेला. बाकावर दादाच्या मानेची शीर उडाली. वहिनीने पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्या वेळी तिने तिरपं धरून जोर लावला आणि पत्रा चेपला.

"अगं, तसं नाही!" दादा बाकावरून उठला. "आधी ठोकून खूण करायची असते. सरळ धर. सरळ. आण इकडे, आण! काय वाट लावलीस त्याची!"

वहिनीने ड्रिल त्याच्या हातात दिलं आणि बाजूला झाली. तिने मुद्दाम केलं की तिला खरंच येत नव्हतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. दादाने खूण ठोकली, ड्रिल लावलं, आणि पहिल्या भोकातून पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेलं. एका दाराला चार, चारी दारांना सोळा भोकं त्याने पाडली. सारख्या अंतरावर. प्रत्येकाची कड कानशीने घासली, गंज चढू नये म्हणून काडीने रंग लावला. अर्ध्या तासाच्या कामाला त्याने दीड तास लावला आणि मी घड्याळाकडे बघत नखं खाल्ली. पाचला सात मिनिटं असताना तपासनिसाने वाकून पाहिलं, सोळाही भोकांत बोट घालून पाहिलं, आणि कागदावर शिक्का मारला.

परत निघालो तेव्हा चारही दारं पटापट लागली. दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे पंधरा नंबरवर. इंजिनाचा आवाज जुन्या डिझेलचा असतो तसा, बोलायचं तर ओरडावं लागेल असा. चौकात घराकडे डावीकडे वळायचं असतं. दादा उजवीकडे वळला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे. त्या रस्त्यावर कारखाना होता. तीन वर्षांत तो त्या रस्त्याने गेला नव्हता, डॉक्टरकडे जायलासुद्धा लांबून वळसा घालायला लावायचा.

कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, त्याने गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. फाटकातून माणसं सुटून चालली होती. कुणी त्याला ओळखलं नाही.

"शेवटच्या दिवशी यंत्राच्या पहिल्या डक्टची चाचणी होती," तो मोठ्याने म्हणाला, समोर बघत. "मला दिवा धरायला उभं केलं होतं. चार ठिकाणांहून धूर गळत होता. मी दाखवलं. साहेबाने बघितलं आणि म्हणाला, एवढं चालतं."

वहिनी पूर्ण त्याच्याकडे वळून बसली.

"एवढं चालतं म्हणाला. म्हणजे आधीही चाललं असतं. सदतीस वर्षं चाललं असतं. मी दिवा खाली ठेवला आणि घरी आलो."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तीन वर्षं! एकदा तरी सांगायचंत."

"सांगणार होतो. घरी येईपर्यंत तेच घोकत होतो, कसं सांगायचं. हिची रजा होती, दारात ही उभी होती." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मला बघून म्हणाली, आला का दादा, बरं झालं, पडदे टांगायला घरात माणूस नव्हताच. मग म्हटलं, राहू दे."

मला ते वाक्य आठवत होतं. मला ते फार छान जमलं होतं म्हणून आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी ते पोस्टात दोघांना सांगितलं होतं, आणि दोघंही हसले होते.

काउंटरवर तीस वर्षांत मी जे कुणाला म्हटलं नाही, ते म्हटलं. "दादा, माझं चुकलं."

वहिनीने हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. "पुन्हा म्हण," ती म्हणाली. "एवढ्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल."

मी पुन्हा म्हटलं.